जनुकाचा तुकडा आणि पेटंट : "पण उपयोग काय?"



पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला ठराविक वर्षांसाठी मिळणारा हक्क. तेवढ्या काळात त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्याला बनवता किंवा विकता येत नाही. पण त्यासाठी शोध नवीन हवा, तसाच उपयोगीही हवा. ही उपयोगाची अट अमेरिकेतल्या एका खटल्यातून समजून घेऊया.

तुकडा म्हणजे काय?
पेशीत जी जनुके काम करत असतात, त्यांच्या एम-आरएनएवरून प्रयोगशाळेत डीएनएची प्रत बनवतात. त्या प्रतीचा वाचलेला छोटा भाग म्हणजे 'ईएसटी'. पुस्तकाचं एकच पान हाती यावं, तसं. पुस्तक आहे हे कळतं, गोष्ट कळत नाही.

वाद कुठून सुरू झाला?
१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने क्रेग व्हेंटर यांच्या प्रयोगशाळेतल्या अशा शेकडो तुकड्यांसाठी अर्ज केला. जेम्स वॉटसन यांनी कडाडून विरोध केला. १९९४ मध्ये संस्थेने अर्जांचा नाद सोडला. २००१ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने नियम स्पष्ट केला: उपयोग नेमका, खराखुरा आणि पटण्याजोगा हवा.

मक्याचा खटला
मोन्सॅन्टो कंपनीला मक्याच्या ५ तुकड्यांवर पेटंट हवं होतं. कंपनीने उपयोगही सांगितले. पण ती जनुके मक्यात नेमकं काय काम करतात, हे ठाऊक नव्हतं. २००५ मध्ये न्यायालयाने पेटंट नाकारलं. सांगितलेले उपयोग कुठल्याही ईएसटीला लागू पडतात, आणि हे तुकडे फक्त पुढच्या संशोधनाला लागतील, असं न्यायालयाचं म्हणणं. निकाल २ विरुद्ध १ होता. विरोधी न्यायाधीश रेडर म्हणाले, सूक्ष्मदर्शकही संशोधनाचंच साधन आहे, त्याला पेटंट मिळतंच ना!

एवढं महत्त्व का?
तुकड्यावर आधीच मालकी दिली, तर पुढे त्या जनुकाचं काम शोधणाऱ्याच्या वाटेत अडथळा येऊ शकतो. अर्धवट कामाला पूर्ण बक्षीस मिळतं.

लक्षात ठेवा: उपयोग कळला म्हणजे झालं, असंही नाही. २०१३ मध्ये मिरियड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निसर्गात आहे तसं जनुक नुसतं वेगळं काढलं, तर तो शोध ठरत नाही. प्रयोगशाळेत बनवलेली प्रत मात्र पेटंटला पात्र ठरू शकते.

वर्गात करून बघा: मुलांना एक चावी द्या, कुलूप दाखवू नका. विचारा, "हिचा उपयोग काय?" मुलं म्हणतील, "कुलूप उघडायला." मग विचारा, "कोणतं कुलूप?" तिथेच 'नेमका उपयोग' म्हणजे काय ते मुलांना कळेल.