बर्जिल्लयाचे गाऱ्हाणे

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 17:27-29, 19:31-39, मार्क 7:9-13

म्हातारपणाची गाऱ्हाणी आपल्या ओळखीची आहेत. भाजी अळणी लागते, बोललेले ऐकू येत नाही, गुडघे धरतात, रात्री डोळा लागत नाही. लोधीखेड्यात काय किंवा सौंसर-पांढुर्ण्यात काय, ज्या घरी वडीलधारे माणूस आहे तेथे हे रोज कानी पडते. आणि रोजचेच म्हणून आपण ऐकेनासे होतो. पवित्र शास्त्राने मात्र असे एक गाऱ्हाणे जपून ठेवले आहे.

1. राजाने ऐकून घेतले

अबशालोमाच्या बंडात दावीद महनाइम येथे आला, तेव्हा बर्जिल्लयाने इतरांबरोबर त्याला अंथरुणे, भांडी, गहू, जव, मसूर, मध असे सर्व पुरवले. पुढे राजा परत निघाला व त्याने बर्जिल्लयाला यरुशलेमेस चलण्याचा आग्रह केला. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मग राजाला भार कशाला व्हावे, असे तो म्हणाला. आईबापांच्या कबरेजवळ, आपल्याच गावी मरावे एवढीच त्याची इच्छा होती. आपल्याऐवजी त्याने किम्हामाला पुढे केले.

दाविदाने काय केले? "तुम्ही अजून ठणठणीत आहात," असे म्हणून त्याने त्याचे बोलणे उडवून लावले नाही, की त्याला बळेच नेले नाही. त्याचे चुंबन घेतले, आशीर्वाद दिला व त्याला घरी जाऊ दिले. आपल्याकडे मुलगा नागपूरला नोकरीस लागतो व आईला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन ठेवतो. हेतू चांगला असतो. कधी कधी दुसरा उपायही नसतो. पण तिला कोणी विचारले का? बहुतेक कुरकुरीच्या तळाशी बर्जिल्लयाचेच भय असते : मी भार तर होत नाही ना?

2. ज्याला सांगता येत नाही

बर्जिल्लयाला आपली अवस्था सांगता आली. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेल्या माणसाला तीही सांगता येत नाही. याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली प्रथम मांडला. हा मेंदूचा आजार आहे. केवळ वयाचा परिणाम नव्हे, आणि पापाची शिक्षा तर नव्हेच. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे 88 लाख लोकांना तो आहे.

या आजारात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसतात, जुन्या मागे राहतात. म्हणून आत्ताच जेवलेली आजी "मला कोणी वाढलेच नाही," म्हणते. नागपूर-छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 साली बंद झाली, तरी एखादे आजोबा ती गाठायला पिशवी घेऊन निघतात. स्वतःच ठेवलेले पैसे सापडले नाहीत की सुनेवर आळ येतो. हा खोटेपणा नव्हे, आजार आहे. "तुम्ही आत्ताच जेवलात!" असे दहा वेळा ओरडून काही साधत नाही, थोडा चहा द्यावा, विषय बदलावा. गाडीला निघालेल्या आजोबांना अडवण्याऐवजी त्यांच्याबरोबर चार पावले चालावे व बोलत बोलत घरी आणावे.

काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

(अ) विसर वाढला की डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा दोष, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची उदासी यांनीही विसर पडतो, व त्यावर उपचार आहेत.
(आ) एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी होणे किंवा एखादे औषध हे कारण असू शकते.
(इ) खिशात नाव, गाव व फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी.
(ई) जेवण, अंघोळ, झोप यांच्या वेळा शक्यतो बदलू नयेत.
(उ) सरकारची ज्येष्ठ नागरिकांची मोफत हेल्पलाइन 14567 आहे. आईबापांना पोसणे हे 2007 च्या कायद्यानेही मुलांवर बंधनकारक केले आहे.

3. कुर्बान

देवाला अर्पण केले असे म्हणून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभूने मार्क 7 मध्ये कडक शब्दांत दोष दिला. हा शब्द आपल्यालाही लागतो. पुष्कळ घरी मुलगा उपासनेला, कमिटीला, उपवास-प्रार्थनेला येतो. सून किंवा अविवाहित मुलगी मात्र रात्रंदिवस आजाऱ्यापाशी बांधलेली असते. तिला कित्येक महिन्यांत उपासना मिळालेली नसते. तिची चिडचिड ऐकून आपण तिलाच सहनशीलतेचा उपदेश करतो! तिला उपदेशापेक्षा विसाव्याची गरज अधिक आहे. मंडळीतील दोन-तीन कुटुंबांनी पाळी लावून आठवड्यातून दोन तास त्या घरी बसावे. ओळखीचे एखादे जुने गीत म्हणावे. नावे विसरलेली माणसेही पुष्कळदा सुरात सूर मिळवतात.

बर्जिल्लयाने राजाला संकटात पोसले होते, व राजा ते विसरला नाही. आपले वडील आपल्याला विसरले, तरी त्यांनी आपल्याला वाढवले हे आपण विसरू नये.

चर्चेसाठी प्रश्न

1. बर्जिल्लयाच्या बोलण्यात तक्रार किती व भय किती?
2. आपल्या मंडळीत घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध कोण? त्यांची काळजी कोण घेते?
3. शब्बाथशाळेतील मुलांनी या आठवड्यात आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट विचारावी व वर्गात सांगावी.