घरचं वायरचं इंटरनेट संथ चालतंय? आधी दोष शोधूया, मग प्लॅन बदलूया



ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख असते आणि नेमकं त्याच रात्री पडद्यावर गोल चक्र फिरत बसतं. नाहीतर मुलगी सराव चाचणी सोडवत असते आणि पंधराव्या प्रश्नाला पान अडकतं. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. एक म्हणजे केबलवाल्याला फोन करून भांडण, आणि दुसरी म्हणजे महिन्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त भरून मोठा प्लॅन. माझं म्हणणं असं की या दोन्हींच्या आधी अर्धा तास देऊन दोष नेमका कुठे आहे ते शोधावं. प्लॅन लहान पडतोय असं फार कमी घरांत असतं.

हा लेख फक्त वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरबद्दल आहे. वायफायचं दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.

नळाला पाणी बारीक येत असेल तर आपण लगेच नगरपालिकेत धाव घेत नाही. आधी कॉक बघतो, टाकी बघतो, शेजारी पाणी आहे का विचारतो. इथेही तेच करायचं. कॉम्प्युटरपासून लॅन केबल, तिथून राऊटर, राऊटरपासून फायबरची पेटी म्हणजे ओएनटी, आणि तिथून पुढे बाहेरची लाइन असा हा मार्ग असतो. आपल्या टोकाकडून एकेक टप्पा तपासत पुढे जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबलही बदलली, राऊटरही बंद-चालू केला आणि सेटिंगही बदललं, तर नेट सुरू होईल, पण कशामुळे सुरू झालं ते कळणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

आधी थोडं गणित

प्लॅनवर लिहिलेलं असतं ४० एमबीपीएस. फाइल उतरवताना मात्र कॉम्प्युटर ५ एमबी दाखवतो. पालक म्हणतात, फसवलं! इथे फसवणूक नाही, एकक वेगळं आहे. कंपनी बिटमध्ये मोजते आणि फाइल बाइटमध्ये मोजली जाते. ८ बिट म्हणजे १ बाइट. ४० भागिले ८ बरोबर ५. म्हणजे ३०० एमबीचा व्हिडिओ ४० एमबीपीएसच्या लाइनवर साधारण ६० सेकंदांत उतरायला हवा. (पाचवी-सहावीच्या वर्गात एकक रूपांतर शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या, मुलं पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा उत्साहाने सोडवतात.)

दुसरं, गरज किती आहे तेही बघा. यूट्यूबचा ७२० दर्जाचा व्हिडिओ साधारण अडीच एमबीपीएसमध्ये चालतो, १०८० दर्जाला पाचेक लागतात. मग ४० च्या प्लॅनवर एकच मूल एकच पाठ बघत असताना व्हिडिओ अडकत असेल, तर १०० चा प्लॅन घेऊन तो सुटेल असं मानायला काही आधार नाही.

मोजायचं कसं

फास्ट डॉट कॉम किंवा ऊकलाची स्पीडटेस्ट, कोणतीही चालेल. मात्र मोजताना घरातले सगळे मोबाइल वायफायवरून काढा आणि टीव्ही बंद करा. कॉम्प्युटरवर एक सोडून बाकी सगळे टॅब बंद. चाचणी सुरू असताना टास्क मॅनेजर उघडून सीपीयूकडे नजर ठेवा. तो ९०-१०० टक्क्यांवर जात असेल तर नेट जोरात येत असूनही जुन्या कॉम्प्युटरला ते पचत नाही, असा त्याचा अर्थ. एकदाच मोजून थांबू नका. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री नऊला, असं तीन दिवस वहीत लिहा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

आकडा आला की तो ओळखायला शिका. १५० किंवा २०० चा प्लॅन आहे आणि कितीही वेळा मोजलं तरी ९२-९४ च्या आसपासच येतंय, असं दिसलं तर लाइनवर संशय घेऊ नका. मधे कुठेतरी १०० ची मर्यादा बसली आहे. लॅनचा जोड १०, १०० किंवा १००० अशा ठरावीक पायऱ्यांवर चालतो. १०० ची पायरी असली की काही भाग पत्त्यांसारख्या वरच्या माहितीत खर्च होऊन हातात चौऱ्याण्णवच्या आसपास पडतात. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं आत गेलात की लिंक स्पीड लिहिलेला दिसतो. तिथे १००० हवं असताना १०० दिसलं तर पुढची चौकशी सुरू.

ही पायरी का घसरते? लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. उरलेल्या जोडीतली एक तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, दिवा हिरवाच लुकलुकतो, आणि कॉम्प्युटर गुपचूप १०० वर उतरतो. आपल्याला काही कळतही नाही. कधी दोष तारेचा नसतोही. जुन्या राऊटरचे पोर्टच १०० चे असतात. काही ओएनटीवर एकच पोर्ट १००० चा आणि बाकीचे १०० चे असतात, तेव्हा पोर्ट बदलून बघायला काही खर्च नाही. नव्या लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसतो म्हणून आपण यूएसबीचा स्वस्त अडॅप्टर घेतो, तोही पुष्कळदा १०० चाच असतो.

एक सूचना. ॲडॅप्टरच्या सेटिंगमध्ये स्पीड आणि डुप्लेक्स असा पर्याय असतो, तो ऑटोवरच राहू द्या. कोणीतरी हुशारी करून एका बाजूला १०० फुल असं पक्कं बसवलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, की दोघांचा मेळ बसत नाही आणि वेग रडतखडत चालतो.

केबलची परीक्षा

वेगाच्या आकड्यापेक्षा मला पिंगची चाचणी जास्त विश्वासाची वाटते. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. आधी आयपीकॉन्फिग टाइप करून एंटर दाबा, त्यात डिफॉल्ट गेटवेसमोर आपल्या राऊटरचा पत्ता दिसेल. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. मग पिंग, जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून मायनस टी. ओळी पळू लागतील. दोन-तीन मिनिटं पळू द्या आणि कंट्रोल दाबून सी दाबा. खाली किती पाठवले, किती मिळाले आणि किती हरवले याचा हिशेब येतो.

कॉम्प्युटर आणि राऊटर एकाच घरात, वायरने जोडलेले. इथे एकही हरवता कामा नये, आणि वेळ एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी दिसायला हवी. इथेच हरवत असतील तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही, दोष घरातच आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांचा शिवणकामाचा व्यवसाय आहे. मुलासाठी त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि केबलवाल्याकडून लाइन. व्हिडिओ अडकायचा, चाचणीचं पान अर्धवट उघडायचं. नेट बसवणारा माणूस म्हणाला, कॉम्प्युटर जुना आहे, नवा घ्या. ते पतसंस्थेत कर्जाची चौकशी करून आले होते. पालक भेटीला त्यांनी सहज विषय काढला म्हणून मी संध्याकाळी जाऊन पिंग लावून पाहिलं. राऊटरपर्यंतच शंभरात आठ-दहा हरवत होते. वायरच्या मागावर गेलो तर ती शिलाई मशीनच्या पायाखालून गेलेली, दाबून चपटी झालेली. माझ्याकडची दुसरी वायर जमिनीवरून तात्पुरती टाकली, हरवणं शून्यावर आलं, आणि त्याच जुन्या कॉम्प्युटरवर पाठ अखंड चालला. कर्ज राहिलं बाजूला.

शंभरातले आठ-दहा हरवले तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. पण इंटरनेटची रीत अशी आहे की पाठवलेला तुकडा पोहोचला नाही की तो पुन्हा पाठवावा लागतो, आणि पाठवणारा समजतो की रस्त्यावर गर्दी आहे, म्हणून तो आपला वेगही कमी करतो. त्यामुळे थोडं हरवलं तरी वेग फार मोठ्या प्रमाणात पडतो.

तेव्हा केबल नीट बघा. दाराच्या फटीत चेपलेली, पलंगाखाली दबलेली, उंदराने कुरतडलेली, कोपऱ्यात काटकोनात वळवलेली, किंवा दोन तुकडे पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर ती बदलाच. पिळून जोडलेली वायर विजेच्या दिव्याला चालते, लॅनला चालत नाही. टोकाच्या कनेक्टरची खिट्टी तुटून तो ढिला बसत असेल तर नवा कनेक्टर क्रिम्प करून घ्या, काम किरकोळ आहे. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा दोन्ही टोकांना सारखा हवा. नवी केबल घेताना तिच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं बघा आणि तार शुद्ध तांब्याची आहे का विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल लांब अंतराला त्रास देते. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर, घरात त्याची अडचण येत नाही. पण इमारतीच्या गच्चीवरच्या पेटीतून थेट लॅन केबल खाली सोडलेली असेल तर तिच्यावर उन्हा-पावसाचे किती हंगाम गेले ते विचारा.

घरातच कोणी पाणी ओढतंय का

राऊटरपर्यंत सगळं ठीक, तरी नेट रेंगाळतंय. आता पिंगमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता टाका. एरवी २०-३० मिलिसेकंद आणि मधेच ३००-४०० वर उड्या मारत असेल तर बहुधा कोणीतरी लाइन भरून टाकली आहे. आपण सगळे डाउनलोडकडे बघतो, पण खोडी पुष्कळदा अपलोडची असते. लग्नाचे पाचशे फोटो आईच्या मोबाइलवरून गूगल फोटोजला चढत असतात, सीसीटीव्ही क्लाउडवर चित्रण पाठवत असतो. वर जाणारा रस्ता भरला की खाली येणाऱ्या माहितीची पोच वेळेवर जात नाही आणि डाउनलोडही मंदावतं. विंडोज अपडेटमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाचं सेटिंग असतं. ते चालू असेल तर आपला कॉम्प्युटर उतरवलेले अपडेट दुसऱ्या कॉम्प्युटरनाही पुरवू शकतो. ते बंद करा. कोण किती ओढतंय हे टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कच्या पानावर दिसतं.

महिन्याचा डेटा कोटा संपला नाही ना, हेही कंपनीच्या ॲपमध्ये बघून घ्या. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच नेट मंदावत असेल तर कारण बहुतेक हेच.

राऊटर आणि त्याच्या पलीकडे

राऊटर बंद करून मिनिटभराने चालू करणं हा सोपा उपाय आहे, जरूर करा. पण मागच्या बारीक भोकात पिन घालू नका! ते रीसेट आहे. त्याने कंपनीचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग लाइनमन येईपर्यंत घर बंद. ते दोन्ही आजच विचारून वहीत लिहून ठेवा.

राऊटर आणि ओएनटी वेगवेगळे असतील तर कॉम्प्युटर थेट ओएनटीला जोडून मोजा. काही जोडण्यांत त्यासाठी ते युजरनेम-पासवर्ड कॉम्प्युटरमध्येही टाकावं लागतं. थेट जोडल्यावर वेग पूर्ण आला तर दोष राऊटरचा किंवा मधल्या वायरचा. तरीही संथच असेल तर दोष बाहेरचा. ओएनटीवर पॉनचा दिवा स्थिर हिरवा हवा. लॉसचा दिवा लाल असेल तर फायबर तुटलं आहे, आपण काहीच करू नये. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर वायर घट्ट वळवू नका, मुलांना तिच्याशी खेळू देऊ नका आणि निघालेल्या टोकात डोळा लावून पाहू नका.

सकाळी सहाला पूर्ण वेग आणि रात्री नऊला रोज निम्मा, असं वहीत तीन दिवस दिसलं तर त्या भागात एकाच लाइनवर जास्त घरं जोडलेली असण्याची शक्यता मोठी. इथे मोठा प्लॅन घेऊनही फरक पडेलच असं नाही. तक्रार करताना "नेट स्लो आहे" एवढंच म्हणू नका. ओएनटीला थेट वायर लावून मोजलं, अमुक तारखेला अमुक वाजता एवढा वेग आला, राऊटरपर्यंत पिंग शून्य हरवतो, असं सांगा. लाइनमनलाही मग "कॉम्प्युटर जुना आहे" म्हणता येत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ट्रायच्या नियमांप्रमाणे उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही. सोबत केंद्राच्या दूरसंचार विभागाचा एक आकडाही माहीत असू द्या: जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग ५१२ केबीपीएस नव्हे, २ एमबीपीएस लागतो.