बेडकाच्या अंड्यातला हिस्टोनचा साठा

प्रश्न : खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये कर्करोगाच्या अभ्यासात हिस्टोनवर संशोधन चालते. बेडकाच्या गर्भात ही प्रथिने कधी तयार होतात? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : गर्भ घडण्याआधीच! डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती ही प्रथिने मादी अंड्यातच साठवते. लांबच्या प्रवासाची शिदोरीच ती. सोबत त्यांचे आरएनएही असतात. झेनोपस या आफ्रिकी बेडकात ‘एसएलबीपी-२’ हे प्रथिन त्या आरएनएला अडवून धरते. अंडे पक्व होताना हे प्रथिन नष्ट होते आणि ‘एसएलबीपी-१’ सूत्रे हाती घेते.

फलनानंतर साधारण १२ झटपट विभाजने होतात, तीही गर्भाची जनुके जवळपास मुकी असताना. पेशी सुमारे ४,००० झाल्या, की डीएनएच्या मानाने साठा तोकडा पडतो. जनुके जागी होण्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण.

पुढे आईकडून आलेले ‘बी-४’ हे जोड-हिस्टोन मागे पडून गर्भाचे स्वतःचे ‘एच-१’ त्याची जागा घेते.