केटीचा अर्ज वेगळा, झोपेचा केसपेपर वेगळा

निकालाच्या दिवसांत लालबाग-परळच्या चाळीत बातमी लपत नाही. सामाईक गॅलरीत कुणीतरी विचारतंच, "काय रे, लागला का निकाल?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते, पण दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला तोंड लपवायला कोपरा नसतो. दोन विषयांत केटी लागलेला मुलगा मग घरी काही बोलतच नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, लेक्चरऐवजी फाइव्ह गार्डन्समध्ये नाहीतर गिरगाव चौपाटीवर बसतो आणि ठरल्या वेळी परततो. आई-बाबांना वाटतं, कॉलेज नीट चाललंय.

अशा घरात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक गुणपत्रिकेचा, दुसरा मनाचा. ते आधी सुटे करा.

गुणपत्रिकेचा प्रश्न कॉलेजच्या ऑफिसात सुटतो. केटी, म्हणजेच एटीकेटी, ही राहिलेला विषय घेऊन पुढे जाण्याची, नियमानेच दिलेली सवलत आहे. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. त्याची मुदत मात्र थोड्याच दिवसांची असते आणि घरातल्या रागावण्यात नेमकी तीच निघून जाते. नव्या शैक्षणिक धोरणात शिकणाऱ्यांना पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे; मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँकेत जमा राहतात आणि नंतर पुन्हा शिकायला येता येतं. एखादं वर्ष मागे पडलं तर करिअर बुडत नाही.

शिवाय प्रत्येक वेळी खोट मुलातच असते असंही नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. अभ्यासू मुलंही पुढच्या प्रवेशासाठी ताटकळली. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

मनाच्या प्रश्नाला मात्र कॉलेजचा अर्ज पुरत नाही. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे, ते पेपर संपल्यावर जातं. पण दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण तुटलंय, मित्रांचे फोन घेतले जात नाहीत, आवडती मॅचही नको वाटते, असं दिसलं तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलचं नायर जवळ. इतर आजारांसारखाच केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. महापालिकेच्या या रुग्णालयांतला खर्च गिरणगावातल्या घरालाही झेपणारा आहे.

"शिक्का बसेल, उद्या नोकरीत, लग्नात अडचण येईल," ही भीती मला पालकांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकू येते. ती खरी असते, म्हणून कायदा सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. गुणपत्रिकेवर उपचारांची नोंद होत नसते. उपचार लांबवल्याने होणारं नुकसान या शिक्क्याच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठं असतं, हे मी ठामपणे सांगेन.

मूल "जगण्यात अर्थ नाही" असं बोललं, तर "वेड्यासारखं बोलू नकोस" म्हणून विषय तोडू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच रुग्णालय गाठा. तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो.

प्रवेश घेताना आपण कटऑफ विचारतो, प्लेसमेंट विचारतो. यापुढे समुपदेशक कोण आणि कधी भेटतात, हेही विचारा. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. नसेल तर पालकांनी मिळून प्राचार्यांना लेखी पत्र द्यावं.

आणि आजच एक करा. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तिचा क्रमांक १४४१६ मुलाच्याच नव्हे, आई-बाबांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह असू द्या.