रक्तस्तंभन : शब्दाचा अर्थ व उपयोग

दवाखान्यातील काही शब्द असे आहेत की, त्यांचा अर्थ नीट समजला तर प्रसंगी एखाद्याचा जीव वाचतो. ‘रक्तस्तंभन’ हा त्यांपैकी एक होय. आजच्या पाठात आपण त्याचा विचार करू.

‘स्तंभ’ म्हणजे खांब, व ‘स्तंभन’ म्हणजे चालते ते रोखून धरणे. वाहते रक्त जखमेपाशीच रोखणे हे रक्तस्तंभन, व ज्या द्रव्याने ते रोखले जाते ते रक्तस्तंभक. न्हावी वस्तरा लागलेल्या जागी तुरटी फिरवितो, ती रक्तस्तंभकच होय. डॉक्टर लोक ह्यास ‘हेमोस्टेसिस’ म्हणतात. हा शब्द ग्रीक आहे : ‘हायमा’ म्हणजे रक्त, व ‘स्टासिस’ म्हणजे उभे राहणे, थांबणे.

येथे पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांस एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचा वृत्तांत मार्क (५:२५-३४) व लूक (८:४३-४८) हे दोघेही देतात. मूळ ग्रीक भाषेत मार्क रक्ताचा झरा आटला असे लिहितो. लूक मात्र तो स्राव ‘उभा राहिला’ अशा अर्थाचे क्रियापद योजितो, आणि ‘स्टासिस’ हा शब्द त्याच धातूपासून झाला आहे. पौलाने लूकास वैद्य म्हटले आहे (कलस्सै. ४:१४), हे वाचकांस ठाऊक आहेच.

आता ‘रक्त साकळणे’ व ‘रक्तस्तंभन’ ह्यांत घोटाळा होऊ नये. जखम होताच प्रथम फुटलेली रक्तवाहिनी आकसते. मग रक्तातील सूक्ष्म बिंबिका तेथे चिकटून बसतात. शेवटी तंतूंचे जाळे विणले जाऊन रक्त साकळते. ही सर्व मिळून रक्तस्तंभनाची क्रिया होय. साकळणे हा तिचा एक भाग. तेच रक्त हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिनीत साकळले तर तो घातक रोग होतो. अशा रोग्यांस रक्त पातळ करणारे औषध देतात. त्यांस जखम झाल्यास रक्त लवकर थांबत नाही. म्हणून ते औषध चालू असल्याचे डॉक्टरांस आधी सांगावे.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : तुरट द्रव्यांनी संधान, थंडाव्याने स्कंदन, भस्माने पाचन, व शेवटी डाग देऊन दहन. प्राचीन शस्त्रवैद्यांच्या निरीक्षणाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु आज कोणी जखमेवर राख, माती, शेण किंवा तंबाखू लावू नये. त्यांतून धनुर्वाताचे जंतू शिरतात, आणि रक्त थांबूनही माणूस दगावतो.

मग विळा किंवा कोयता लागला तर काय करावे? धुतलेले फडके जखमेवर ठेवून तळव्याने घट्ट दाबावे, व निदान दहा मिनिटे हात काढू नये. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी फडके वारंवार उचलल्यास नुकते विणलेले जाळे तुटते. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. काच किंवा लोखंड आत रुतले असेल तर ते उपसू नये. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. मग दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे. बाळंतिणीचा रक्तस्राव मात्र असे फडके दाबून थांबत नाही. तिला फार रक्त जात असेल तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकास कळवून तिला मोठ्या रुग्णालयात न्यावे.

बंधुभगिनींनो, रक्त साकळण्याची शक्ती उत्पन्नकर्त्याने देहातच ठेविली आहे. आपले काम तिला अवसर देण्याचे. शोमरोनी मनुष्याने वाटेवरील जखमी माणसाच्या जखमा स्वतःच्या हातांनी बांधल्या व त्यास उतारशाळेत पोहोंचविले (लूक १०:३४). त्याची दया हातांतून प्रकट झाली. आपल्या मंडळीतील प्रत्येक घरी असे फडके धुऊन ठेविलेले असावे, आणि ते कसे दाबावे हे लेकरांसही शिकविलेले असावे, अशी आमची विनंती आहे.