गावची तालीम

कोल्हापूर, सातारा या भागांतील एखाद्या जुन्या गावी पहाटे गेले, तर मारुतीच्या देवळाजवळ एखादी बसकी इमारत दृष्टीस पडते. तिचे दार बहुधा ठेंगणे असते. आत जाणाऱ्यास आपोआप मान लववावी लागते. ही गावची तालीम. तिचा मालक कोण, असे विचारले तर कोणा एकाचे नाव सांगता येत नाही. गावाने वर्गणी काढून ती उभारलेली असते. कोणी दगड दिले, कोणी लाकूड; ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते, त्याने अंगमेहनत दिली.

आत मधोमध तांबड्या मातीचा हौदा असतो. तालमीचे खरे धन तेच. ही माती बारीक चाळून तीत ताक, लिंबाचा रस, हळद व तेल मिसळतात. परंतु एवढे करूनही ती चार दिवस तशीच पडू दिली, की दबून घट्ट होते. आणि घट्ट मातीवर आपटलेल्या मुलाचा खांदा निखळण्यास वेळ लागत नाही. म्हणून हौदा रोज खणावा लागतो. या कामास गडी ठेवलेला नसतो. जो लढायला येतो, तोच आधी फावडे हाती घेतो. पाटलाचा मुलगा असो की मजुराचा, ही पाळी कोणालाच चुकत नाही. खणण्याने दंड व पाठ भरते, हा वेगळाच लाभ! वस्ताद तर यालाच पहिली कसरत मानतात. तेही बहुधा पगारी नसतात. तरुणपणी ज्या मातीत ते घडले, तिच्याच काठावर उतारवयात बसून ते मुलांचे डावपेच पारखतात.

तालमीचा उपयोग कुस्तीपुरताच नसतो. बाहेरच्या पटांगणात लेझीम चालते. जत्रेतील कुस्त्यांचा हिशेब, गणेशोत्सवाची बैठक, एखाद्या वेळी गावातला तंटाही तिच्या ओट्यावरच मिटतो.

कराडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अशा मातीतच वाढले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते प्रथमच गादीवर लढले व सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी तर आपले घर गहाण ठेवले. तेथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला बैलगाड्यांची लांबच लांब रांग लागली होती.

पुढे पुष्कळ गावांतील तरुण कामासाठी शहरांकडे गेले. जेथे खणणारे हात उरले नाहीत, तेथे हौद्यातील माती दगडासारखी झाली; एखाद्या तालमीत तर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या दिसतात. जेथे चार मुलेही नेमाने येतात, तेथे मात्र ती मऊ राहिली आहे. आता मुलीही कुस्तीकडे वळू लागल्या आहेत. २०२३ साली सांगलीत महिलांसाठी पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ज्या गावी त्यांचा सराव मातीत चालतो, तेथे पहाटे फावड्याची पाळी त्यांच्याही वाट्याला येते.