पिल्लाची शाळा

[पाळलेल्या पिल्लाला चांगल्या सवयी कशा लावाव्यात, हे या पाठात सांगितले आहे. मुंबई पोलीस दलातील ‘जंजीर’ या प्रसिद्ध कुत्र्याची माहितीही पाठात आली आहे.]

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातील गाव. आसपास कापूस, मका आणि कांद्याची शेती आहे. अशा गावात शेतावर, वस्तीवर राखणीसाठी कुत्रा पाळतात. कधी गल्लीतले एखादे पिल्लू मुलांच्या मागे मागे येते आणि अंगणातच राहते. मुले त्याला भाकरी घालतात, त्याचे नाव ठेवतात. पण पिल्लू मोठे झाले, की तक्रारी सुरू होतात. ते पाहुण्यांच्या अंगावर धावते, चपला पळवते, कोंबड्यांच्या मागे लागते. मग कोणी त्याला काठीने मारतात, तर कोणी दूर नेऊन सोडून देतात. यात दोष पिल्लाचा नसतो. त्याला कोणी काही शिकवलेलेच नसते.

पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत त्याला आईजवळ राहू द्यावे. घरी आणल्यावर मात्र त्याची शाळा लगेच सुरू करावी. पहिला धडा नावाचा. समजा, त्याचे नाव मोती ठेवले. ‘मोती’ अशी हाक मारावी. त्याने वळून पाहिले, की ‘शाबास’ म्हणून खाऊ द्यावा.

दुसरा धडा ‘बस’. भाकरीचा लहान तुकडा मोतीच्या नाकासमोर धरावा आणि हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे न्यावा. तुकड्याकडे पाहताना त्याची मान वर होते व मागचा भाग आपोआप खाली टेकतो. तो टेकताच ‘बस’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. बक्षीस लगेच मिळाले पाहिजे. उशीर झाला, तर ते कशाबद्दल मिळाले, हे त्याला कळत नाही. ‘ये’ आणि ‘थांब’ हे शब्दही असेच शिकवावेत. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. पण दिवसातून दोन-तीन वेळा सराव हवा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तुमच्या घरी उर्दू बोलतात, शेजारी मराठी बोलतात. तुम्ही मोतीला ‘बैठ’ म्हणालात आणि शेजारचा मित्र ‘बस’ म्हणाला, तर मोती गोंधळून जाईल. त्याला उर्दू येत नाही आणि मराठीही येत नाही. तो फक्त आवाज ओळखतो. म्हणून सर्वांनी मिळून एकच शब्द ठरवावा. आज सोफ्यावर बसू दिले आणि उद्या त्याच कारणासाठी मारले, असेही करू नये. नियम आधी माणसांनी पाळावे लागतात.

मोती हाक मारल्यावर उशिरा आला, तरी त्याला मारू नये. ‘जवळ गेले की मार बसतो’ असे तो शिकेल आणि पुढच्या वेळी येणारच नाही. खेळताना त्याने हाताला दात लावले, तर खेळ तेथेच थांबवावा. चावले की खेळ बंद होतो, हे त्याला लवकर समजते. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या जोड्यातून पाणी आणणाऱ्या माणसाची गोष्ट हदीसमध्ये आहे. तहानलेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजणाऱ्या पैठणच्या संत एकनाथांची गोष्टही तुम्ही ऐकली असेल. मुक्या प्राण्यांशी दयेने वागावे, हीच शिकवण दोन्ही गोष्टी देतात.

असे शिक्षण किती उपयोगी पडते, हे ‘जंजीर’ने दाखवले. जंजीर हा लॅब्राडॉर जातीचा कुत्रा. पुण्यात प्रशिक्षण घेऊन तो मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात आला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या शोधात जंजीरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले. त्यामुळे असंख्य लोकांचे प्राण वाचले. स्फोटकाचा वास आला, की अशा कुत्र्याने भुंकायचे नसते, उकरायचे नसते. शांतपणे बसायचे असते. म्हणजे अंगणातल्या मोतीचा ‘बस’ हा धडा त्यालाही शिकावा लागतो! नोव्हेंबर २००० मध्ये जंजीर वारला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

शिक्षणाइतकीच काळजीही महत्त्वाची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी. पुढच्या लशी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. कोणताही कुत्रा चावला, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. जखमेवर हळद, चुना लावून घरी बसू नये. रेबीज झाल्यावर माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर मात्र तो टळतो.

काठीला भिणारा कुत्रा काठी दिसेपर्यंतच ऐकतो. प्रेमाने शिकलेला कुत्रा नुसत्या शब्दाने ऐकतो.

शब्दार्थ
वस्ती – शेतावरील घरे
सराव – पुन्हा पुन्हा करणे
जोडा – पायात घालायचे पादत्राण
कावड – खांद्यावरून पाणी वाहून नेण्याचे साधन
हुडकणे – शोधणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बक्षीस लगेच का द्यावे?
(आ) जंजीर कोणत्या पथकात होता?
(इ) कुत्रा चावल्यावर प्रथम काय करावे?

२. कारण सांगा.
घरातील सर्वांनी कुत्र्यासाठी एकच शब्द वापरावा.

३. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ ही आज्ञा देणारी क्रियापदे आहेत. अशी आणखी पाच क्रियापदे लिहा.

४. ‘शाबास’, ‘जंजीर’ हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी शब्द शोधा.